शेपटी बोटभर मोठी

९ डिसेंबर

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे ठीक. गुडघा कुरकुरतो, पण मीही कुरकुरते, त्यामुळे आमचं जमतं.

तुझं खोकं मिळालं. ते खेळातलं विमान, त्याचा रिमोट, बॅटऱ्या, उन्हाची टोपीसुद्धा. वर चिठ्ठी, "ताई, माझे हात गेले. कुणालातरी देऊन टाक." दोन आठवडे मी त्या खोक्याला वळसा घालून चालते आहे.

आता सांगूनच टाकते. स्पर्धेत तू विमान उलटं केलंस आणि ते सरळ व्हायची धडपड करू लागलं, नाक खाली घालू लागलं. तू रिमोटवर अंगठा रेटत राहिलास. गवतात जाता जाता वाचलं. मग गिरक्या खात खाली आणायचं होतं, तर ते गिरकी घेईचना. पंचांनी दोन शून्यं दिली आणि तू थेट गाडीत जाऊन बसलास.

ते तुझ्या हातांनी केलं नाही रे. मी केलं.

उन्हाळ्यात तू आलास तेव्हा तुझ्या हातातली कपबशी वाजत होती. "थंडी वाजतेय," म्हणालास. भर उन्हाळ्यात! थापा मारणं तुला लहानपणापासून जमलं नाही. मग तुझ्या बायकोचा फोन आला. "डॉक्टर म्हणतात, कंप वाढतच जाणार. ताई, विमान आपटलं तर हे पार खचतील. काहीतरी करा ना." मी काय करणार? मला फक्त विमान करता येतं.

कसरतीच्या विमानाचा पंख वरून-खालून सारखाच फुगीर आणि एका सरळ रेषेत हवा, म्हणजे त्याला उलटं-सुलटं एकच. तुझ्यासाठी केलेल्या विमानात मी पंखांची टोकं किंचित वर उचलली. शेपटीची आडवी फळी बोटभर जास्त रुंद केली, नाकात शिसं भरलं. तुझं बोट थरथरलं तरी विमान थरथरू नये म्हणून. सरावात तू म्हणालास, "उलट्यात हात बसत नाहीये." तेव्हाच बोलायला हवं होतं, पण मी विमान पुसत बसले. तू फूटपट्टी लावली असतीस तर मी पकडले गेले असते. पण ताईने केलेल्या विमानाला तू कधी फूटपट्टी लावली आहेस?

काल दुसरं पूर्ण केलं. सरळ पंख, आखूड शेपटी, तुला हवं तसं. पण अंगठ्याची प्रत्येक थरथर त्यात उतरेल. पहिलं तुला सांभाळतं आणि कसरत करू देत नाही. हे करू देईल, सांभाळणार नाही. मधलं काही जमतंय का म्हणून तीन शेपट्या कापल्या. नाही जमत. तुझ्या हातांसाठी मला काहीच करता येत नाही, आणि याचा इतका राग येतो की तो कुणावर काढू कळत नाही.

कुठलं पाठवू, ते तू सांग. किंवा काहीच नको म्हण. यावेळी तुला विचारल्याशिवाय मी एक टाचणीसुद्धा हलवणार नाही.

तुझ्या विश्वासाला न जागलेली,
ताई