खालचं लख्ख दिसलं

३ मार्च
ती. दादास,
सा. न. वि. वि.
जिवंत मेंदूत खोलवर बघताना चित्र धुरकट का येतं, असं तू विचारायचास ना? वरचे थर प्रकाश वेडावाकडा वळवतात. आता आमच्या सूक्ष्मदर्शकात लवचीक आरसा बसवलाय. तो हवा तसा वाकून ती चूक काढून टाकतो. तू गिऱ्हाइकाच्या नंबराप्रमाणे चष्म्याची काच घासतोस, तसंच. फक्त आमचं गिऱ्हाईक उंदीर आहे, तक्रार करत नाही.

सोमवारी पहिल्यांदा खालचं लख्ख दिसलं. या उंदरांना तुझाच मेंदूचा आजार आहे, आणि तू चाचणीत घेतोस तेच औषध त्यांनाही देतो. आम्ही ज्या पेशी वाचल्या असं समजत होतो, ते मेलेल्या पेशींचे तुकडे निघाले. दादा, औषध काम करत नाहीये. उंदरांचा दुसरा गट तपासेपर्यंत बाहेर बोलू नका, असं सर म्हणाले. तुझ्यापासून लपवणं मला जमेना.
लोभ आहेच, तो राहू दे.
तुझी चिंगी

११ मार्च
चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद.
अक्षर हललंय, सांभाळून घे. आधी तुझा आरसा तपास. मीही एकदा उजवी काच डावीकडे बसवून एका भल्या माणसाला आठवडाभर भिंतींवर आदळवलं होतं.

पण तुझंच खरं असणार. महिना झाला, हातात काच टिकत नाही. डॉक्टरांना मात्र बरं वाटतंय म्हणालो, कारण शेजारी तुझी वहिनी उभी होती. तिचा सगळा जीव त्या गोळीत अडकलाय. तिला कळू देऊ नकोस, माझी शपथ आहे.
दादा

२ एप्रिल
ती. दादास,
सा. न. वि. वि.
आरसा तीनदा तपासला. दुसऱ्या गटातही तेच. सरांनी डॉक्टरांकडे कळवलंय, निर्णयाला वेळ लागेल. तू गोळी बंद कर आणि वहिनीला सांग. शपथ घातलीस म्हणून मी गप्प आहे.
चिंगी

१९ मे
वन्सं,
स. न. वि. वि.
हे गेले त्याला आज दहा दिवस झाले. काल यांच्या काच घासायच्या मशीनच्या खणात तुमची पत्रं सापडली.

गोळी घेतली की यांना तासभर ओकाऱ्या व्हायच्या. जेवण नको म्हणायचे. तरी मी रोज सकाळी आठला, कधी रागावूनसुद्धा, ती भरवली. हे माझ्या तोंडाकडे बघत गिळायचे. तुम्ही दोघांनी मिळून माझी आशा जपलीत. मला सांगितलं असतंत, तर मी गोळ्या फेकून दिल्या असत्या आणि शेवटचे दोन महिने यांच्या पोटात अन्न तरी राहिलं असतं.

तुमच्यावर राग आहे, तो जाईलसं वाटत नाही. तरी या. घर खायला उठतं.
तुमची वहिनी