थांबारेषेवर वाळत घातलेले कपडे

मी, खाली सही करणारा, वय सहासष्ट, नगरपालिकेच्या रस्ते विभागातून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, हात थोडा थरथरतो. अक्षर वाकडे दिसले तर दोष हाताचा समजावा, विचारांचा नव्हे. मला कोणी भरीस घातलेले नाही. माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंची व्यवस्था पुढीलप्रमाणे लागावी.

१. राहते घर, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि बाल्कनी, माझ्या पत्नीचे. तिच्यामागे मुलाचे. तिच्या हयातीत कोणी तिला 'आता आमच्याकडेच राहा' असा आग्रह करू नये. तिला आग्रह आवडत नाही. हे कळायला मला अकरा वर्षे लागली. मुलाने तेवढा वेळ घेऊ नये.

२. बँकेतली ठेव पत्नीची. स्कूटर मुलाची. मागचा ब्रेक आधी दुरुस्त करून घ्यावा.

३. माझी अवजारे, म्हणजे खडूची दोरी, अंतर मोजायचे चाक, तीन रोलर, बाणांचे आणि आकड्यांचे पत्र्याचे साचे, ही सर्व सूनबाईंना. मुलाने वाईट वाटून घेऊ नये. वकीलबाई म्हणाल्या, "कारण लिहायची गरज नसते." मला लिहायचे आहे.

४. मी तेहेतीस वर्षे रस्त्यांवर पट्टे मारले. कचेरीत मला पट्टेवाला म्हणत आणि खरा पट्टेवाला त्यावर रागवत असे. माझ्या पट्ट्यांचा मला अभिमान होता. दोरी ताणायची, खडू झटकायचा, रंग द्यायचा आणि तो ओला असतानाच काचेचे बारीक मणी पेरायचे, म्हणजे गाडीच्या दिव्यात पट्टा उजळतो. गाड्या त्यावरून जात आणि कोणाचेही लक्ष जात नसे. तक्रार नाही. पट्टा पाळायचा असतो, पाहायचा नसतो, अशी माझी समजूत होती.

निवृत्तीला तीन वर्षे उरली असताना एका सकाळी शाळेसमोर गाड्या थांबवणाऱ्या आडव्या थांबारेषेवर कपडे वाळत घातलेले दिसले. म्हणजे रंगवलेले. माझ्या पांढऱ्या रेषेची कोणीतरी कपडे वाळत घालायची दोरी केली होती. तिला चिमट्यांनी अडकवलेले चार निळे सदरे, एक पायमोजा, आणि वाऱ्याने उडू पाहणारी एक चड्डी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तक्रार लिहिली, साहेबांची सही घेतली आणि दुसऱ्या दिवशी ते कपडे काळ्या रंगाने पुसून टाकले.

आठवड्याने सूनबाई मोबाइल घेऊन आली. "बाबा, ही आपली शाळा ना?" जगभरात कोणी काय विचित्र, सुंदर करून ठेवले आहे ते गोळा करणारे एक पान ती रोज पाही. त्यावर माझ्या रेषेचा फोटो होता. हजारो लोकांनी तो पाहिला होता. दूरच्या कोणत्याशा देशातल्या माणसाने खाली काहीतरी लिहिले होते, ते सूनबाईने समजावून सांगितले: "कपडे छानच आहेत. पण ती खालची रेघ बघा. इतकी सरळ रेघ कोणी मारली असेल?"

मी तिला ते पुन्हा वाचायला लावले. मग मोबाइल हातात घेऊन स्वतः पाहत बसलो. माझी रेघ पहिल्यांदाच कोणीतरी पाहिली होती, आणि तीही त्या कपड्यांमुळे. जे मी पुसले होते.

तेव्हापासून सकाळचा चहा आणि ते पान, असा माझा नेम झाला. अवजारे सूनबाईंना, ती याचसाठी.

काही महिन्यांनी बाजारामागच्या रस्त्यावर गाड्यांसाठी आखलेल्या चौकटींत प्राणी दिसू लागले. साहेब भडकले. "पहाटे तिथे उभे राहा आणि माणूस पकडून आणा," म्हणाले. मी नऊ पहाटे उभा राहिलो. दहाव्या दिवशी पन्नाशीची एक बाई गुडघ्यांखाली उशी घेऊन चौकटीत वाकलेली दिसली. चौकटभर मांजर झोपले होते आणि ती शेपटी रंगवत होती.

"पळणार नाही मी, भाऊ," ती वळूनही न पाहता म्हणाली. "गुडघे साथ देत नाहीत. फक्त शेपटी पुरी करू द्या."

मी थांबलो. मग विचारले, "शाळेपुढचे कपडेही तुमचेच?"

"माझेच. दोन दिवसांत पुसले कोणीतरी. हात मात्र चांगला होता त्याचा, एक थेंब इकडेतिकडे नाही."

"तो मीच."

ती हसायला लागली. मलाही हसू आले. ती शाळांचे गणवेश शिवते. "वीस वर्षं तोच निळा रंग, भाऊ. तेच खिसे, तीच बटणं. वाटलं, दुसऱ्या कशासारखं नसेल असं काहीतरी हातून व्हावं."

मी मांजराकडे पाहिले. पोट श्वास घेत आहे असे वाटत होते. "हा भिंतीचा रंग आहे," मी म्हणालो, "एका उन्हाळ्यात उडेल." आणि दिवसाच्या कामासाठी सोबत आणलेल्या हातगाडीवरचा रस्त्याचा रंग तिला दिला, अर्धा डबा, मण्यांसकट. तो सरकारी माल होता. हे येथे कबूल करतो.

साहेबांना सांगितले, "कोणी दिसलं नाही." त्यांनी विश्वास ठेवला नाही. हलगर्जीपणाचा मेमो मिळाला आणि शेवटची दोन वर्षे मला तळघरातल्या पार्किंगमध्ये आकडे रंगवायला धाडले. मुलगा तेव्हा म्हणाला होता, "बाबा, निवृत्तीच्या तोंडावर कामचुकारपणा?" मी गप्प राहिलो, कारण एकाला सांगितले असते तर ते चौघांत गेले असते. आता त्या बाईंच्या परवानगीने लिहीत आहे. बाळा, मी काम चुकवले नव्हते.

५. तो मेमो आणि त्यानंतर चार वर्षांनी नगरपालिकेने छापलेल्या कॅलेंडरमधले जून महिन्याचे पान, ज्यावर तेच मांजर आहे आणि खाली 'आपल्या शहराची कलादृष्टी' असा साहेबांचा संदेश आहे, ही दोन्ही एकाच चौकटीत बसवून साहेबांना द्यावीत. मुलाने स्वतः जावे. त्यांनी चहा विचारला तर प्यावा.

६. मोबाइलवर रोज पाहायच्या त्या पानावरच्या आवडलेल्या गोष्टींची चित्रे चिकटवलेल्या माझ्या तीन वह्या मुलाला. त्यांत औषधांच्या रिकाम्या खोक्यांचे शहर उभारणारी एक परिचारिका आहे. रस्त्यात सापडलेल्या एकेकट्या हातमोज्यांची चित्रे काढणारा एक बसचालक आहे. अकरा वर्षे दारांची कुरकुर ध्वनिमुद्रित करणारा एक गृहस्थ आहे, ती ऐकून आमची ही म्हणाली होती, "अहो, आपलं न्हाणीघराचं दार पाठवा त्याला." कोणी सांगितलेले नसताना, कोणी पाहील याची खात्री नसताना या लोकांनी इतक्या निगुतीने काम केले. मी त्यांतल्या एकालाही भेटलो नाही, पण त्यांच्या जगात राहून गेलो याचा मला आनंद आहे. वह्या वाचाव्यात, अशी अट नाही. विनंती आहे.

७. खडूची दोरी मी प्रथम गणवेश शिवणाऱ्या बाईंच्या नावे लिहिली होती. साक्षीदार म्हणूनही त्याच हव्या होत्या. वकीलबाई म्हणाल्या, "ज्यांना काही मिळणार, त्यांनी साक्षीदार होऊ नये. एक काय ते ठरवा." मी बाईंना विचारले.

"दोरी सूनबाईंनाच द्या, भाऊ," त्या म्हणाल्या. "मी सही करते. रस्त्यांवर एवढं काढलं, पण एकाखालीही नाव घातलं नाही. एकदा घालून बघते."

त्यानुसार कलम ३ तसेच ठेवले आहे.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या समोर मी सही केली आहे.

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: ३ ऑगस्ट २०२५, रविवार

मृत्युपत्र करणारा: (सही)

साक्षीदार १: घरचे डॉक्टर (सही)

साक्षीदार २: गणवेश शिवणाऱ्या बाई (सही, पूर्ण नावानिशी)

टीप: साक्षीदार २ यांची सही मोठी झाली असून आखलेल्या रेघेच्या बाहेर गेली आहे. माझी हरकत नाही. ती तशीच ग्राह्य धरावी.