आत्याच्या खुर्चीची तपासणी

तीर्थरूप आत्यास साष्टांग नमस्कार.

तुझी तब्येत कशी आहे? मागे जिना चढताना तू कठडा धरायचीस, तो आता सुटला असं कळलं. फार बरं वाटलं. आम्ही सगळे मजेत आहोत, फक्त बाबांचा उजवा खुबा सोडून. शिवणयंत्रावर पाय ठेवला की ते असे ओरडतात की समोरचं गिऱ्हाईक दचकून स्वतःची कंबर चाचपतं. शाळेचे गणवेश बाह्यांविना टांगलेत आणि मुख्याध्यापकांनी काम दुसऱ्या शिंप्याला द्यायची धमकी दिली आहे. आईने चोळून चोळून खुबा लालबुंद केला, बरा मात्र झाला नाही. मी वाचून शोधून काढलं (घरात एक पदवीधर आहे, तर तिचा काही उपयोग व्हायला हवा) की पुष्कळदा दुखणं कमरेत असतं आणि बोंब खुबा मारतो. एका भिंतीचे दोन शेजारीच ते. नळ इकडे गळतो, ओल तिकडे येते. बाबांना चित्र काढून समजावलं, तर म्हणाले, "मणके छान आलेत, पण बटणांची रांग तिरकी गेलीय."

शेवटी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कंबर दाबली, बाबांनी खुबा धरला. "बघा!" मी म्हणाले. डॉक्टरांनी विचारलं, "बसता कशावर?" बाबा म्हणाले, "स्टुलावर." तुझ्याकडून हट्टाने मागून आणलेल्या स्प्रिंगच्या खुर्चीत ते रोज संध्याकाळभर रुतलेले असतात, हे त्यांनी सरळ गिळलं. सत्य पुराव्यानिशी मांडावं, म्हणून दुसऱ्या दिवशी मी ती खुर्चीच हातगाडीवरून दवाखान्यात नेली. (खुर्चीला नावं ठेवत नाहीये हं. कापड अजून सुरेख आहे.) डॉक्टर कौतुकाने बसले, ते बसलेच. गुडघे छातीला टेकले. एक हात कंपाउंडरने ओढला, एक मी, आणि खोकल्याचं औषध न्यायला आलेल्या आजोबांनी मागून रेटा दिला. उठल्यावर डॉक्टरांनी आधी कंबर धरली, मग खुबा. माझा मुद्दा इतक्या लवकर सिद्ध होईल असं वाटलं नव्हतं.

"ही घरातून काढा," ते कण्हत म्हणाले. घरी आल्यावर आई म्हणाली, "पदवी घेतलीस ती गाडी ढकलायला?" आणि बाबा म्हणाले, "ताईची खुर्ची आहे, हलणार नाही." आणि पुन्हा तीत जाऊन बसले.

तुझी,
पदवीधर भाची

ता. क. तू खुर्ची परत मागितलीस तर बाबांना नाही म्हणता येणार नाही. मागशील ना? आई म्हणते, खुर्ची आमच्याकडे आली तेव्हाच तुझा कठडा सुटला. पण मी योगायोगाला पुरावा मानत नाही.

आणखी ता. क. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मी घरात सर्वांना पटवून दिलंय, म्हणून पाकीट चिकटवायला निर्धास्तपणे बाबांकडे देते आहे.

ताई, पत्र वाचलं. खुर्ची मागू नकोस, मिळणार नाही. तुझ्याकडे आली की तू पुन्हा तीत बसशील आणि पुन्हा जिन्यात अडकशील. तुझी वस्तू टाकवत नाही आणि रिकामी दिसली तर पोरगी ती तुझ्याकडेच परत पाठवेल, म्हणून बसून राखत होतो. आता तीवर गणवेश रचून ठेवतो. पोरीचं कमरेचं म्हणणं बरोबर आहे, पण तिला सांगू नकोस. पुन्हा चित्र काढेल.