दोन म्हणायचं नाही

माझ्याच स्वयंपाकघरात मला मीठ सापडेना, याला तुझी लेक जबाबदार आणि परीक्षेपर्यंत तिला माझ्याकडे धाडणारी तू. बरणीवर चिठ्ठी डकवलीये, NaCl. दुसरीत शाळा सुटलेल्या बाईने हे कसं वाचायचं?

असो. लेकी, आशीर्वाद. कंबर कशी आहे? जावयांचं घोरणं कमी झालं का? (मागच्या खेपेला इथली भांडी वाजत होती.)

तर पोरीने मला नावं ठेवायला शिकवलं. (माणसांना ठेवता येत होतीच.) धातू आधी, त्याचं नाव जसंच्या तसं. मागून येईल त्याने शेपूट कापून ‘आइड’ लावून घ्यायचं, क्लोरीनचं क्लोराइड. थेट लग्नासारखं. मग आलं MgCl₂, पायाशी बारीक दोन. मी वाचलं, मॅग्नेशियम दोन क्लोराइड. तर माझ्यावरच ओरडली, “आजी, दोन म्हणायचं नाही! मॅग्नेशियमला दोन लागतात हे ठरलेलंच असतं.” म्हटलं, बरं बाई, असतात पण बोलायचे नाहीत, हे मला नवीन नाही.

खोलीच्या दारावर तिने खडूने आमचं सूत्र लिहिलं, ‘आना’. आजी आणि नात. (मी धातू, म्हणून आधी.) सोमवारी दुपारी भाजी घेऊन आले, तर ‘ना’च्या पायाशी बारीक दोन. पोरीला झापलं, ती रडकुंडीला आली, मी नाही लिहिला म्हणे. पुसला. तासाभराने पुन्हा होता. वळण तिचंच, पण डावऱ्या हाताचं.

काल सकाळी तिला CaF₂ ची चिठ्ठी दाखवली. “कॅल्शियम फ्लोराइड,” खणखणीत उत्तर आलं. पोरीच्या तोंडात टूथब्रश होता. फेस थुंकून म्हणते, “आजी, बरोब्बर!” माझ्या कवळीतून ‘फ्लोराइड’ हा शब्द निघत नाही, तुला ठाऊक आहे.

मी घाबरणारी नव्हे. पण तुझ्या बाळंतपणाला मी होते. दोन झाल्या, एक तासाभराने गेली, आणि तू म्हणालीस, हिला कधी सांगायचं नाही. पंधरा वर्षं तोंड शिवून बसले. आता पोरच विचारते, “आजी, दुसरी नात कोण?” मला खोटं बोलता येतं, पण दोघींसमोर नाही.

तुझी आई

ता.क. परवानगी मागत नाहीये. रविवारी सांगणार.

आणखी एक ता.क. तिचं नाव ठेवलं होतंस का? आज पोर शाळेत असताना तिच्या खोलीचं दार आतून कुणीतरी वाजवलं आणि हेच विचारलं. मी म्हटलं, थांब, तुझ्या आईला विचारते. रविवारच्या आत उत्तर हवं, आणि ते तूच लिही. जावयांकडून लिहून घेऊ नकोस, ते अजून एकच झाली म्हणतात.