डाव्या हाताची दाढी

प्रिय दादास,

धाकट्याचा प्रभूमध्ये सलाम. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींचा दमा आटोक्यात असावा अशी आशा. इकडे सारे बरे आहेत, म्हणजे आबा सोडून. आबांच्या मते मात्र घरात बरे असे तेच एकटे.

डॉक्टर सांगून गेले, आता दिवस मोजायचे. (मोजायला घरात रिकामं कोण आहे, ते त्यांनी विचारलं नाही.) आबांची पाठ चिघळली आहे. त्यांची कूस बदलून, अंग पुसून, मलम लावून मी कामावर जातो. चर्चमध्ये पाळक मागे उपदेशात म्हणाले की प्रार्थनेला गुडघेच टेकावे लागतात असं नाही, भांडी घासतानाही ती होते. तुझ्या भावजयीने घरी येताच सगळी भांडी माझ्या पुढ्यात ठेवली.

पण खरी पंचाईत दाढीची. आबा हल्ली मला तू समजतात. मी धाकटा, असं सांगून पाहिलं, तर "तो कशाला येतोय!" म्हणून भिंतीकडे तोंड केलं आणि दिवसभर दूधही घेतलं नाही. मग मी थोरलाच झालो. पुढच्या दाढीला त्यांनी माझं मनगट धरलं. "थोरल्या, तू डावरा ना रे? मग हा उजवा कुणाचा?" मी वस्तरा डाव्या हातात घेतला. उजव्याने केलेलं डाव्याला कळू नये, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण माझ्या डाव्याला काहीच कळत नाही, याची साक्ष आबांची हनुवटी देते.

दाढी होईपर्यंत रोज माझीच निंदा चालते. "धाकटा कधी फिरकला? बापाच्या अंगाला कधी हात लावला त्याने?" त्याच अंगावरून माझं फडकं फिरत असतं. मी "नाही, आबा" म्हणतो. आतून बायको ओरडते, "अहो, स्वतःची बाजू तरी घ्या!" घेतली एकदा. म्हणालो, "धाकटा तसा वाईट नाही हो." आबा म्हणाले, "तू पहिल्यापासूनच भोळा."

मग हात जोडून ते देवाकडे रोज एकच मागतात: धाकटा दारातून आत येताना दिसू दे, मग मला ने. देव थांबला आहे, आबाही थांबले आहेत. पाठ थांबत नाही.

हे खोटं होतंय का, असं मी पाळकांना विचारलं. त्यांनी आबांची हनुवटी निरखली. मग म्हणाले, "पाणी फार गरम घेत जाऊ नकोस."

वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुझा भाऊ
(सध्या तूच)

ता. क. तीन वर्षं तू "येतो" म्हणतो आहेस, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण आता ये. थोरला म्हणून नको, ती जागा भरलेली आहे. दारातूनच म्हण, "आबा, धाकटा आलो."

ता. ता. क. ते बोलतील ते मान खाली घालून ऐकून घे. फिरकला नाहीस, हात लावला नाहीस, वगैरे. मग ते माफ करतील. तुझ्या डोक्यावर ठेवलेला तो हात मला एकदा बघायचा आहे. दाढी तेवढी उजव्या हाताने कर. कापलं तर कापलं. धाकट्याकडून त्यांची तेवढीच अपेक्षा आहे.