खाप्याच्या मुलीचे डोळे

३ ऑगस्ट १९७४
सकाळी बसने खाप्याला. पार्वताबाईची मुलगी तापाने गेली, सात वर्षांची. हयातीत एकही फोटो नाही, म्हणून मातीला नेण्याआधी एक काढून ठेवायचा. अंगणात बाजेवर ठेवली होती. आभाळ गच्च, सावली म्हणून कुठे नाही. दोन घेतले, बस पकडून परत घरी, पुढच्या खोलीतल्या स्टुडिओत. असल्या फोटोंची सवय आहे म्हणतो मी चारचौघांत. डोंबलाची सवय.

४ ऑगस्ट
रोल धुतला आणि घाण करून ठेवली. ढगाळ उजेडातली फिल्म डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायची, हे मीच लोकांना शिकवतो. हात मात्र उन्हाळ्याच्या सवयीने सात मिनिटांवर थांबला. निगेटिव्ह पाणचट. काळं-पांढरं ठळक उठवणाऱ्या हार्ड पेपरवर प्रिंट काढला तरी गाल, पापण्या, कपाळ सगळं एकच राखाडी. पुन्हा काढायला आता मुलगी कुठे आहे.

६ ऑगस्ट
पा.बाई आली. प्रिंट पाहून रडली नाही, भांडलीच. "झोपलेली पोरगी भिताडावर काहून लावू, भाऊ? डोये उघडून द्या."
धंद्यात हे नवं नाही. ब्रशने कितीतरी म्हाताऱ्यांना जागं केलंय. पण त्यांना जिवंतपणी पाहिलेलं असतं, नाहीतर जुना एखादा फोटो तरी असतो. विचारलं, कसे होते डोळे?
"तिच्यावानी."
एवढंच.

९ ऑगस्ट
तीन प्रिंट फाडले. एकात बाहुली झाली, एकात पोक्त बाई. तिसऱ्याचं तर लिहीतही नाही. आमची शुभा समोर अभ्यास करत होती. तीही सातच वर्षांची. म्हटलं, शुभे, इकडे बघ जरा. बघितलं. अर्ध्या तासात डोळे झाले. इतके चांगले आजवर जमले नव्हते. आनंद झाला, हे लिहायचीही लाज वाटते.

११ ऑगस्ट
पा.बाई फोटो घेऊन गेली, छातीशी धरून. "पाहून राहिली माह्याकडे," म्हणाली. हार घालणार, रोज उदबत्ती लावणार. ती पायऱ्या उतरून गेली तेव्हा कळलं मी काय करून बसलो ते. माझ्या जित्या लेकीच्या डोळ्यांना हार!

१६ ऑगस्ट
शुभाच्या कपाळाला दिवसातून दहादा हात लावतो. गार आहे. तरी भीती जात नाही. बायकोला, कुसुमला, शेवटी सांगून टाकलं. म्हणाली, "जाऊन घेऊन या तो फोटो. आजच्या आज." कोणत्या तोंडाने मागू? स्टँडपर्यंत गेलो, खाप्याची बस डोळ्यांदेखत जाऊ दिली. बायकोला सांगितलं, बस चुकली.

२५ ऑगस्ट
पा.बाई पुन्हा. दुसरी प्रत हवी, तिच्या आईकडे द्यायला. शुभा दारातच होती. बाई बोलता बोलता थांबली, तिच्याकडे बघत खालीच बसली. वाटलं, आता शिव्या घालणार.
"तुम्ही हिचे लावले ना जी?"
मी मान डोलावली. फोटो परत द्या म्हणायचं होतं, पण...
बाई शुभाला म्हणाली, "एकडाव पाह्य वं माय माह्याकडे."
शुभाने पाहिलं. बाई प्रत न घेताच गेली.

१ सप्टेंबर
पा.बाई दुपारपासून ओट्यावर बसून आहे. काम काही नाही. शुभासाठी मक्याची कणसं आणलीत, पदरात धरून बसलीय. कुसुमने शुभाला आत नेऊन बाहेरून कडी लावली. बाई काही मागत नाही. तिची शेवटची बस साडेपाचची. सव्वापाच होऊन गेले.
आतून शुभा विचारते, "बाबा, त्या मावशी गेल्या का?"
कडी काढायला दोनदा उठलो, दोनदा परत बसलो.