तुला बसवत का नाही

ती. आईस,

कमरेतून वाकवेल तेवढा वाकून नमस्कार.

माझ्या पाठीचं निदान झालं. औषध आहे आणि ते लागूही पडतंय, तेव्हा काळजी नको. आपला कोण, परका कोण हे ओळखायला शरीरात काही जनुकं असतात. माझ्यातलं एक आपल्या आत्यासारखं आहे, दारात आलेल्या जावयालाही "कोण पाहिजे?" म्हणून अडवतं. (हे तिला वाचून दाखवू नकोस.) मग घरातच हाणामारी होते आणि कणा आखडतो.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात आणखी कुणाला?"

म्हटलं, "छे. आई तर दिवसभर उभी असते. म्हणते, बसलं की अंग धरतं, काम केलं की मोकळं होतं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, हेच तर या दुखण्याचं लक्षण."

म्हणजे आम्ही जिला तुझी शिकवण समजत होतो, ते तुझं दुखणं होतं. त्या पाठीनिशी तू आम्हा दोघांना कडेवर वागवलंस. मी खुर्चीतून उठताना चार माणसं गोळा करतो.

आता "माझ्यामुळेच पोराला" म्हणत बसू नकोस. हे जनुक असलेल्या बहुतेकांना काहीच होत नाही. शिवाय काही विषाणूंना तेच जास्त चांगलं थोपवतं म्हणे. आत्याही कधीतरी उपयोगी पडतेच.

बाबा अजून "बस गं जरा" म्हणून ओरडतात का?

ताईबरोबर जाऊन पाठ दाखव. औषध लागू पडलं की एका दुपारी काहीही न करता नुसती बस, आणि कसं वाटलं ते मला लिही.

तुझ्याच पाठीचा,
धाकटा